पुडीत आहे काय?

ओसाकात दोतोन्बोरीच्या पाण्याकाठी दोन्ही हात उंचावून धावणारा ग्लिकोचा माणूस १९३५ साली पहिल्यांदा झळकला. आज तिथे आहे तो सहावा फलक. पर्यटक त्याची नक्कल करत फोटो काढतात, पण मुळात ती ग्लिको या ताकदीच्या खाऊची जाहिरात आहे. औषधविक्रीच्या घराण्यातल्या एझाकी रिइची यांनी कालवे उकळलेल्या पाण्यातले ग्लायकोजेन कॅरॅमलमध्ये घातले आणि १९२२ मध्ये ते ओसाकात विकायला आणले. घोषणा होती ‘एक वडी, तीनशे मीटर’. हिशेब खोटा नाही. वडीत साधारण सोळा किलोकॅलरी असतात, आणि मध्यम बांध्याचा माणूस तेवढ्यावर जवळपास तेवढेच धावतो. फक्त तेवढी ऊर्जा चमचाभर साखरही देते. म्हणजे वडी निर्धोक, दावा खरा आणि तरीही खेळाडूच्या पदरात साखरेपलीकडे फारसे काही नाही.

गुण येतो का आणि अपाय होतो का, हे दोन प्रश्न आपण सहज एकात मिसळतो. आपल्या तालमीतल्या खुराकाबद्दलही तेच होते. ते वेगळे ठेवले पाहिजेत, हे ओसाकाच्याच दोशोमाची या औषधपेठेने फार महागात शिकवले. रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८९३ मध्ये बनवलेले मेथाम्फेटामिन दाइनिप्पोन या तिथल्या कंपनीने १९४१ मध्ये ‘फिलोपोन’ नावाने बाजारात आणले. थकवा जातो, झोप उडते, हा दावा शब्दशः खरा होता. युद्धानंतर व्यसन इतके पसरले की १९५१ मध्ये उत्तेजकांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पुडीत भेसळ नव्हती. घात गुणानेच केला.

पण या दोन्हींच्या आधीचा प्रश्न दोशोमाचीनेच विचारला होता, आणि तोच पुढे मागे पडला असे मला वाटते. १७२२ साली शोगुन योशिमुने यांच्या राजवटीत इथल्या १२४ व्यापाऱ्यांच्या संघाला मान्यता मिळाली आणि देशी औषधांच्या तपासणीची कचेरी निघाली. माल अस्सल आहे का, एवढेच ती पाहायची. गुणाची चिंता वैद्याची. यात व्यापाऱ्यांची मक्तेदारीही पोसली गेली, हा आक्षेप रास्त आहे, पण त्याने प्रश्न खोटा ठरत नाही. आजच्या प्रयोगशाळांपुढे त्या कचेरीची काय मातब्बरी, असेही कुणी म्हणेल. प्रयोगशाळा आहेत खऱ्या. सक्तीची तपासणी कुठे होती? २०१५ पासून जपानात आरोग्याचा दावा करणारे पूरक अन्न विकण्याआधी किमान साठ दिवस कंपनीने पुरावे कळवायचे असतात, सरकार ते स्वतः पारखून मंजुरी देत नाही. मार्च २०२४ मध्ये दोशोमाचीतच मुख्यालय असलेल्या कोबायाशी कंपनीला लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्या परत घ्याव्या लागल्या. कारखान्यात शिरलेल्या बुरशीतून आलेले पुबेरुलिक आम्ल त्यांत सापडले. मूत्रपिंडे बिघडून शेकडो लोक रुग्णालयात गेले.

त्या गोळ्या कोलेस्टेरॉलसाठी होत्या, खेळाडूंचा काय संबंध? संबंध असा, की खेळपूरकेही औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणूनच विकली जातात. जर्मनीत कलोनच्या प्रयोगशाळेने २००० नंतर निरनिराळ्या देशांतली ६३४ पूरके तपासली; त्यांतल्या ९४ डब्यांत लेबलवर न छापलेली स्टेरॉइड-द्रव्ये निघाली. क्रिएटिन किंवा कॅफीन यांच्या गुणाला चांगला पुरावा आहे, पण तो पुरावा क्रिएटिनचा असतो, डब्याचा नव्हे. ओसाकाच्या प्रकरणानंतर जपानने सप्टेंबर २०२४ पासून अशा पूरकांनी झालेल्या अपायाची माहिती सरकारला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. कळवायचे, अर्थात, कुणीतरी आजारी पडल्यावर.