त्साओ श्वे-छिन : घराणे आणि पितृत्वाचा प्रश्न

त्साओ श्वे-छिन : (सु. १७१५ किंवा १७२४ – १७६३ किंवा १७६४). अभिजात चिनी कादंबरीकार. मूळ नाव त्साओ जान. हुंग-लोऊ मंग (लाल महालातील स्वप्न) ह्या एकाच कादंबरीवर त्याची कीर्ती अधिष्ठित आहे. एका वैभवशाली घराण्याचा ऱ्हास हा तिचा विषय असून लेखकाच्या स्वतःच्या कुळाचा इतिहासही तसाच आहे. त्यामुळे त्याच्या कुलवृत्ताचा शोध हा ह्या कादंबरीच्या अभ्यासाचा अविभाज्य भाग बनला आहे. मात्र त्याच्या आजोबांची माहिती विपुल असताना त्याचा पिता कोण, हा प्रश्न निर्विवादपणे सुटलेला नाही.

त्साओ हे मूळचे चिनी (हान) घराणे. मांचूंच्या उदयकाळात ते त्यांच्या सेवेत आले आणि ‘शुद्ध श्वेत ध्वज’ ह्या मांचू पथकातील पिढीजात सेवकांत (बाओ-यी) त्याची गणना होऊ लागली. छिंग राजवट (१६४४–१९१२) स्थिरावल्यावर हे सेवक सम्राटाच्या खाजगी कारभारखात्याकडे आले. कायद्याच्या दृष्टीने ते दास होते. परंतु सम्राटाच्या सान्निध्यामुळे त्यांच्या हाती मोठ्या अधिकाराची पदे येत. श्वे-छिनचा पणजोबा त्साओ शी ह्याची १६६३ मध्ये नानजिंग येथील शाही वस्त्रनिर्मितिगृहाचा अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याची पत्नी सुन ही खांग-शी सम्राटाच्या बालपणीची दाई होती.

त्साओ शीचा मुलगा त्साओ यिन (१६५८–१७१२) ह्याच्या काळात घराण्याचे वैभव कळसास पोहोचले. तो प्रथम सूजौ व १६९२ पासून नानजिंग येथे वस्त्राधीक्षक होता. १७०४ पासून यांगजौ येथील मीठ-महसुलाचे निरीक्षकपद तो व त्याचा मेहुणा ली श्यू आळीपाळीने सांभाळीत. तो कवी व ग्रंथसंग्राहक होता; थांगकालीन समग्र काव्याचे संपादन-मुद्रण त्याच्याच देखरेखीखाली झाले. दक्षिणेच्या दौऱ्यांत खांग-शीने चार वेळा (१६९९, १७०३, १७०५ व १७०७) त्याच्याकडे मुक्काम केला. ह्या सन्मानाची किंमत मोठी होती. सरबराईच्या खर्चाने सरकारी तिजोरीत जी तूट पडली, ती पुढे घराण्याच्या मुळावर आली.

त्साओ यिनच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा त्साओ युंग ह्यास पित्याचे पद मिळाले. पण १७१५ च्या प्रारंभी तोही निवर्तला. घरात दोन विधवा उरल्या. तेव्हा सम्राटाच्या आज्ञेने त्साओ यिनचा पुतण्या त्साओ फू हा दिवंगत यिनला दत्तक देण्यात आला आणि अधीक्षकपद त्याच्याकडे आले. खांग-शीच्या मृत्यूनंतर (१७२२) युंग-जंग सम्राटाने जुन्या थकबाकीची कठोर वसुली आरंभिली. १७२७ च्या अखेरीस त्साओ फूला पदच्युत करून मालमत्तेची जप्ती करण्यात आली. नव्या अधीक्षकाच्या अहवालात १३ ठिकाणची मिळून ४८३ दालने, सुमारे १,९६७ मू जमीन व ११४ माणसे अशी नोंद आहे. १७२८ मध्ये कुटुंब बीजिंगला आले. त्साओ यिनच्या विधवेच्या निर्वाहासाठी साडेसतरा दालनांचे एक घर व तीन नोकर-जोडपी तेवढी देण्यात आली. फूकडून येणे असलेल्या ४४३ ताएलपैकी ३०२ ताएल रक्कम थकल्याने त्याला गळ्यात लाकडी खोडा घालून डांबण्यात आले होते.

श्वे-छिनचे ह्या घराण्याशी असलेले नाते प्रथम चुकीचे सांगितले गेले. अठराव्या शतकातील कवी युआन मेय ह्याने त्याला त्साओ यिनचा मुलगा म्हटले. हू श ह्या विद्वानाने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही चूक दुरुस्त केली. श्वे-छिनचा मित्र दुन-छंग ह्याच्या कवितेवरील टीपेवरून तो यिनचा नातू ठरतो. अर्थात ही टीपही निर्दोष नाही. आजोबांच्या कारकीर्दीत श्वे-छिन त्यांच्यासोबत होता, असे ती सांगते. परंतु यिन १७१२ मध्येच वारला होता. हू शच्या मते श्वे-छिन हा त्साओ फूचा मुलगा व कादंबरी हे त्याचे आत्मवृत्त होय. नायक बाओ-यू म्हणजे लेखक आणि त्याचा करडा पिता ज्या जंग म्हणजे त्साओ फू, असे समीकरण त्यातून रूढ झाले.

दुसऱ्या मताचा आधार त्साओ फूनेच सम्राटाला धाडलेले १७१५ मधील एक निवेदन हा आहे. आपली भावजय, म्हणजे युंगची विधवा मा, सात महिन्यांची गरोदर असून मुलगा झाल्यास दिवंगत भावाला वारस लाभेल, असे त्यात कळविले आहे. हे मूल म्हणजेच श्वे-छिन, असे अनेक अभ्यासक मानतात. ल्याओदुंगच्या त्साओ कुळाच्या वंशावळीत युंगच्या मुलाचे नाव त्साओ थ्येन-यू असे दिले आहे. ‘जान’ म्हणजे पावसाने भिजणे. ‘थ्येन-यू’ म्हणजे स्वर्गाची कृपा. दोन्ही नावांचा उगम एकाच प्राचीन काव्यात दाखविता येतो. म्हणून ती एकाच व्यक्तीची असावीत, असा हा युक्तिवाद आहे. परंतु १७४४ च्या ध्वजपथकांच्या वंशावळीत थ्येन-यू हा प्रांतीय अधिकारी असल्याची नोंद आहे. श्वे-छिनच्या मित्रांनी मात्र त्याच्या अशा पदाचा कोठेही निर्देश केलेला नाही. शिवाय जुन्या हस्तलिखितावरील एका टीपेत श्वे-छिनच्या थांग-त्सुन नावाच्या धाकट्या भावाचा उल्लेख येतो. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला सख्खा धाकटा भाऊ असणे शक्य नाही. तो चुलतभाऊ मानावा लागतो.

जन्मवर्षाचा प्रश्न ह्यातच गुंतलेला आहे. दुन-छंगच्या शोकगीतात चाळीस वर्षांच्या आयुष्याचा उल्लेख आहे. दुसरा मित्र जांग यी-छ्वान तो पन्नाशीच्या आत वारला असे सांगतो. पहिला आकडा शब्दशः घेतल्यास जन्म १७२४ च्या सुमारास येतो व युंगचे पितृत्व आपोआप बाद होते. दुसरा १७१५ शी जुळतो. ह्या फरकाला महत्त्व आहे. १७१५ मध्ये जन्मलेल्या मुलाने नानजिंगचे वैभव बारा-तेरा वर्षे पाहिले असणार. १७२४ मध्ये जन्मलेल्याला ते वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागले असणार. जोऊ रू-छांग ह्याने १७२४ चा पक्ष घेऊन छ्येन-लुंग सम्राटाच्या प्रारंभकाळी घराण्याला पुन्हा अल्पकाळ बरे दिवस आले होते, अशी उपपत्ती मांडली.

कादंबरीतील अंतर्गत पुरावा घराण्याविषयी बोलका, पण पित्याविषयी संदिग्ध आहे. सोळाव्या प्रकरणात जन कुटुंबाने सम्राटाचे चार वेळा स्वागत केल्याचा उल्लेख येतो. ‘ज-येन-जाय’ ह्या टोपणनावाच्या समकालीन टीकाकाराच्या मते राणीच्या माहेरभेटीच्या मिषाने लेखकाने दक्षिणेचे दौरेच वर्णिले आहेत. बावन्नाव्या प्रकरणात पहाटेच्या ‘यिन’ प्रहराचे नाव टाळून घड्याळाचे चार ठोके सांगितले आहेत. पूर्वजाचे नाव न उच्चारण्याच्या प्रथेशी ही टीप त्याचा संबंध जोडते. ज्या कुटुंबातील थोरला मुलगा अकाली मरण पावतो. त्याची विधवा लहान मुलास वाढविते. युंगच्या घरची स्थिती हीच होती. परंतु मग त्याच्या मुलाचे स्थान बाओ-यूला नव्हे, तर त्याच्या पुतण्याला मिळते. उलट, वृद्ध आजी व ज्या जंग ह्यांच्यातील दुरावा आणि नातवावरील तिची पराकाष्ठेची माया यांत दत्तक मुलगा व दिवंगत मुलाचे अपत्य ह्यांचे प्रतिबिंब काहींना दिसते.

एकाच कथेतून असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात, हेच ह्या पद्धतीच्या मर्यादेचे गमक होय. ‘ज्या’ ह्या आडनावाचा ध्वनी ‘खोटे’ आणि ‘जन’चा ‘खरे’ ह्या अर्थाच्या शब्दांशी जुळतो. खऱ्याखोट्याची ही सरमिसळ लेखकाने जाणूनबुजून केली आहे. कादंबरीवरून लेखकाचा पिता ठरवायचा आणि मग त्या पित्यावरून कादंबरीचा अर्थ लावायचा, ह्यात चक्रक दोष संभवतो. श्वे-छिन हा त्साओ यिनचा नातू होता आणि घराण्याच्या उद्ध्वस्त स्थितीत, बीजिंगच्या पश्चिमेकडील टेकड्यांलगत दारिद्र्यात राहून त्याने लेखन केले, एवढे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. तो वारला तेव्हा कादंबरी अपूर्ण होती. तिची ऐंशी प्रकरणे हस्तलिखितांद्वारे पसरली आणि १७९१ मध्ये एकशेवीस प्रकरणांची मुद्रित आवृत्ती निघाली. ज्या वंशावळींनी त्याच्या कुळातील लहानसहान अधिकाऱ्यांची नावे जपली, त्यांत त्साओ श्वे-छिन हे नाव आढळत नाही. त्या कुळाची स्मृती मात्र त्याच्याच ग्रंथामुळे टिकली.