गोबरगॅसची ज्योत कधी मोठी, कधी मंद? शेगडीपासून टाकीपर्यंत दोष असा शोधा

सकाळी चहाच्या वेळी ज्योत भांड्याच्या बाहेर जाते आणि संध्याकाळी भाकरी टाकायला घेतली की तवाच तापत नाही. गोबरगॅस असलेल्या बहुतेक घरांत कधी ना कधी ही तक्रार येतेच. महिना-दोन महिने असंच चाललं की घरातली बाई वैतागून पुन्हा चूल पेटवते, नाहीतर सिलिंडर जोडते. मग शेण टाकणं बंद होतं आणि चांगली बांधलेली टाकी अंगणात नुसती पडून राहते. पुष्कळदा दोष मात्र पाइपात साचलेल्या तांब्याभर पाण्याचा असतो.

तपासणी सुरू करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: बिघाड एकाएकी झाला की हळूहळू होत गेला? काल बरी चाललेली शेगडी आज नीट पेटत नसेल तर दोष शेगडीत, नळीत, कॉकमध्ये किंवा पाइपात असण्याची शक्यता जास्त. पंधरा दिवस, महिनाभर गॅस कमी कमी होत आला असेल तर दोष शेणात किंवा टाकीत आहे. टाकीत घातलेलं शेण पूर्ण कुजायला महिना-सव्वा महिना लागतो, त्यामुळे टाकीतला बिघाड एका रात्रीत दिसत नाही आणि एका रात्रीत दुरुस्तही होत नाही. एक दिवस जास्त शेण घातलं म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त गॅस मिळेल, हा हिशेब इथे चालत नाही.

टाकी कोणती, त्यावर दाब ठरतो

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या टाक्या दिसतात. एक जुनी, वर लोखंडी किंवा फायबरचा ड्रम तरंगणारी. दुसरी जमिनीत पुरलेली, विटा-सिमेंटच्या घुमटाची. दीनबंधू ही त्यातलीच, १९८४ साली आलेली. दोन्हींची वागणूक वेगळी असते.

तरंगत्या ड्रमच्या टाकीत ड्रमचं वजनच गॅसला ढकलतं. ड्रम वर असो की खाली, दाब जवळपास सारखाच, साधारण १० सेंटिमीटर पाण्याइतका. त्यामुळे या टाकीवर ज्योत कमी-जास्त होऊ लागली तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. ड्रम मधल्या खांबाला अडकतो, एका बाजूला कलतो, किंवा गंजून त्याला बारीक भोक पडतं. ड्रम रोज थोडा गोल फिरवला तर तो अडकतही नाही आणि आतली सायही मोडते.

दीनबंधूत असं नसतं. रात्रभर गॅस घुमटात साठतो आणि शेणकाल्याला बाहेरच्या टाकीत ढकलतो. बाहेर चढलेला हा काला परत आत यायला बघतो, त्यातूनच दाब तयार होतो. पहाटे टाकी भरलेली असताना दाब मीटरभर पाण्याच्या आसपास जातो आणि गॅस वापरत गेलं की शून्याकडे उतरतो. म्हणजे दीनबंधूवर सकाळी ज्योत जोरात आणि स्वयंपाक संपता संपता मंद, हा बिघाड नव्हेच. सकाळी कॉक अर्धा उघडायचा, दुपारनंतर पूर्ण, एवढीच सवय लावावी लागते. सकाळी कॉक पूर्ण उघडून भडकत्या ज्योतीवर चहा करणाऱ्या घरात संध्याकाळच्या भाकरीचा गॅस भांड्याच्या बाजूने निघून गेलेला असतो.

ज्योत बघून काय कळतं

चांगली ज्योत निळी, आखूड आणि सगळ्या भोकांवर सारखी असते. ती लांब, लुळी, टोकाला पिवळी असेल आणि भांड्याला काजळी धरत असेल तर हवा कमी पडतेय. बर्नरच्या नळीवर हवा आत घेणारी जी खिडकी असते, ती थोडी जास्त उघडावी. उलट ज्योत बर्नरपासून सुटून वर नाचत असेल, सू-सू आवाज करून विझत असेल तर दाब किंवा हवा जास्त आहे. कॉक कमी करावा, खिडकी थोडी लावावी. आणि ज्योत आत शिरून फट्‌ असा आवाज होत असेल तर दाब कमी असताना खिडकी जास्त उघडी राहिली आहे. दीनबंधूवर ही खिडकी एकदा लावून विसरून चालत नाही, दाबाप्रमाणे थोडी सरकवावी लागते.

ज्योत एकाच बाजूला पेटत असेल तर दूध उतू जाऊन किंवा वरण सांडून भोकं बुजलेली असतात. बर्नरची टोपी काढून गरम पाण्यात भिजवावी, भोकं बारीक तारेने मोकळी करावी, पूर्ण वाळवून टोपी सरळ बसवावी. टोपी तिरकी बसली तरी असंच होतं. मात्र गॅस येतो त्या नोझलच्या भोकात खिळा किंवा ड्रिल घालून ते मोठं करू नये. त्याने ज्योत मोठी दिसते, पण पिवळी आणि गार होते, शिवाय गॅस जास्त जातो.

सिलिंडरची शेगडी गोबरगॅसवर लावण्याचा प्रयोगही बऱ्याच ठिकाणी होतो. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, बाकी बहुतेक न जळणारा कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी गॅस जास्त लागतो आणि सिलिंडरच्या शेगडीचं बारीक नोझल पुरं पडत नाही. गोबरगॅसची शेगडी वेगळी मिळते, तीच घ्यावी.

फडफड म्हणजे पाणी

ज्योत धपधप करत कमी-जास्त होत असेल, मध्येच विझत असेल, नळीतून गुळगुळ आवाज येत असेल तर पाइपात पाणी आहे. टाकीतून निघणारा गॅस वाफेने भरलेला असतो. पाइप गार झाला की वाफेचं पाणी होतं आणि पाइप जिथे खाली झुकला असेल तिथे साचतं. गॅस त्या पाण्यातून धक्के देत पुढे येतो. थंडीत आणि पावसाळ्यात हे जास्त होतं.

उपाय सोपा आहे. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक असायला हवा. शेगडी बंद असताना तो उघडून पाणी काढावं आणि गॅसचा वास येताच लगेच लावावा. आजूबाजूला चूल, बिडी काही पेटलेलं नको. पाइप टाकताना त्या कॉककडे दर १० फुटांना इंचभर उतार ठेवला की पाणी आपोआप तिथे येतं. अंगणात पाइपावरून ट्रॅक्टर गेला, बैल बांधायची मेख ठोकली, घूस लागली, असं काही झालं असेल तर पाइपाचा उतार बिघडतो आणि नवीन खळगा तयार होतो. टाकी स्वयंपाकघरापासून लांब असेल आणि पाइप बारीक असेल तर पाणी नसतानाही शेगडीपर्यंत दाब पोचत नाही. अशा वेळी पाइप बदलून जाड घेणं हाच मार्ग.

गळती शोधायची रीत

दाब किती आहे ते घरीच बघता येतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधावी, तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावं, एक टोक गॅसच्या पाइपाला जोडावं, दुसरं उघडं ठेवावं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक पडेल तेवढा दाब. दीनबंधूसाठी नळीच्या दोन्ही बाजू सव्वा मीटर तरी हव्यात, नाहीतर पाणी उडून बाहेर येतं.

रात्री शेगडी बंद करून टाकीजवळचा मोठा कॉकही बंद करावा. नळी घराकडच्या पाइपाला जोडलेली असेल आणि सकाळपर्यंत पाणी उतरलं असेल तर गळती पाइपात किंवा जोडात आहे. प्रत्येक जोडावर, कॉकवर, रबरी नळीच्या टोकांवर साबणाचा फेस लावावा. जिथे बुडबुडा फुगतो तिथे गळती. काडी ओढून गळती शोधायची पद्धत काही घरांत अजूनही आहे, ती जिवावर बेतणारी आहे. रबरी नळीला चिरा पडल्या असतील तर चिकटपट्टी न लावता नळीच बदलावी.

पाइप ठीक असेल तर बाहेरच्या टाकीतल्या काल्याची पातळी बघावी. दीनबंधूत रात्री गॅस न वापरता सकाळी ही पातळी स्पष्ट वर आलेली दिसायला हवी. आलीच नाही तर गॅस तयार होत नाही, किंवा घुमटाला तडा जाऊन तो निसटतोय. घुमट मातीने झाकलेला असतो. वर पाणी ओतून ठेवलं आणि बुडबुडे आले तर तडा आहे.

शेण किती, कसं

दोष कुठेच सापडत नाही तेव्हा उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात असतं. २ घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गाय-बैल दिवसाला साधारण १० किलो शेण देतात, म्हैस १५ किलोपर्यंत. टाकी बांधली तेव्हा दावणीला पाच जनावरं होती, आता ट्रॅक्टर आल्यावर दोन उरली, ही स्थिती गावोगाव आहे. दोन गाईंच्या २० किलो शेणातून साधारण ८०० लिटर गॅस मिळतो. मोठा बर्नर तासाला ४५० लिटरच्या आसपास गॅस घेतो. म्हणजे पावणेदोन तासांत गॅस संपणारच, कितीही दुरुस्ती केली तरी. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर गोठ्यात रात्रीचंच शेण सापडतं, तेही हिशेबात धरावं. अशा घराने शेजाऱ्याचं शेण घ्यावं, नाहीतर एका वेळचाच स्वयंपाक गोबरगॅसवर करायचं ठरवावं.

शेण आणि पाणी सारखं घेऊन गुठळ्या फोडून कालवावं. पाणी कमी पडलं तर काला आत सरकत नाही, जास्त झालं तर जड भाग तळाला बसतो. कडबा, गवताच्या काड्या काढून टाकाव्यात. त्या वर तरंगून जाड साय धरतात आणि गॅसला वर येऊ देत नाहीत. माती-वाळू तळाशी बसून दरवर्षी टाकीची जागा खाते. गोठा फिनेलने धुतला असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नये, गॅस तयार करणारे जिवाणूच त्याने मरतात. जनावराला औषधाची इंजेक्शनं चालू असतील तर तेवढे दिवस त्याचं शेण वेगळं ठेवावं.

गॅस भरपूर येतो पण पेट घेत नाही, आणि काल्याला आंबूस वास येतो, असं झालं तर टाकी आंबली आहे. लग्नकार्यातलं उरलेलं अन्न एकदम ओतलं, किंवा आठ-पंधरा दिवसांचा खंड पडून मग एकदम शेण घातलं की असं होतं. चार-सहा दिवस काहीच घालू नये, थोडी चुन्याची निवळी द्यावी, मग थोड्या शेणापासून पुन्हा सुरुवात करावी.

थंडीचे दोन महिने

गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. निफाडसारख्या भागात पारा एक आकडी होतो तेव्हा गॅस बराच घटतो. जमीन हळू गार होते, तशी हळूच तापते, त्यामुळे थंडी सरल्यावरही काही दिवस गॅस कमीच राहतो. या दिवसांत शेण सकाळच्या गारठ्यात न घालता दुपारी घालावं आणि उन्हात तापवलेलं पाणी वापरावं. घुमटावर पाचट किंवा कडब्याचा जाड थर द्यावा. झाडाची सावली टाकीवर पडत असेल तर फांद्या छाटाव्यात.

टाकीत उतरू नये

घुमटाचा तडा, तळाचा गाळ, आतली घट्ट साय यासाठी टाकी रिकामी करावी लागते. हे काम घरच्या माणसांनी करू नये. आत प्राणवायू नसतो आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. हा वायू जास्त असला की नाकाला वासच येईनासा होतो, त्यामुळे धोका नाही असं वाटतं. एक जण आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात तसं इथे करू नये, मिथेनचा भडका उडतो. शेण-मातीच्या पडलेल्या टाकीतही हाच धोका असतो. बाहेरच्या टाकीवरचं झाकण कायम लावलेलं हवं, त्यात लहान मूल पडू शकतं.

दुरुस्तीसाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी, बायोगॅसची योजना तिथूनच राबवली जाते आणि तालुक्यातल्या जाणत्या गवंड्यांची माहिती तिथे मिळते. टाकी पुन्हा भरल्यावर सुरुवातीचा गॅस शेगडीवर पेटवू नये. त्यात हवा मिसळलेली असते, ती पेटली तर स्फोट होऊ शकतो. तो उघड्यावर सोडून द्यावा. नंतरही गॅस आधी शेगडीवरच पेटवून बघावा, टाकीजवळच्या पाइपाच्या तोंडाशी कधीच नाही.