न्यायासनाची पारख

न्यायाधीश आरोपीस जोखतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच वेळी समोरच्या बाकावर बसलेले वकील न्यायाधीशासही जोखीत असतात, ही गोष्ट कोर्टाची पायरी झिजविल्याखेरीज कळत नाही. साक्षीदाराचे बोलणे त्याने पुरते ऐकले काय, जबाब बोलला तसाच लिहून घेतला काय, दोन्ही बाजूंस सारखा वेळ दिला काय, अर्ज फेटाळताना कारण सांगितले काय, या प्रश्नांची उत्तरे वकिलांच्या खोलीत चहाच्या पेल्याबरोबर रोज दिली जातात. त्यांचा निकाल कोठे छापला जात नाही. तरी तो पक्का असतो.

या पारखीचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा धडा लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत आहे. टिळक आम्हां लातूरकरांस परके नाहीत. १८९१ साली त्यांनी भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना घातला तो निजामाच्या मुलखातील याच लातुरास.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर, आणि जामीन देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दिन तय्यबजी. पुढे खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ त्यांनी ज्यूरीस समजावून दिला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष म्हटले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलात पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ टिळकांच्या वतीने उभे राहिले. त्यांचा रोख शिक्षेपेक्षा न्यायाधीशाने ज्यूरीस चुकीचा अर्थ सांगितला यावर होता. अपिलास परवानगी मिळाली नाही. पण न्यायाधीशाचे वर्तन नेमके कोठे घसरले, त्या शब्दावर बोट ठेवणे, ही वकिली पारखीची पहिली रीत त्यातून दिसते.

१९०८ साली काळाने चमत्कारिक फासा टाकला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तील लेखांवरून टिळक पुन्हा पकडले गेले, आणि न्यायासनावर होते तेच दावर. जामिनाचा अर्ज घेऊन तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. अकरा वर्षांपूर्वी ज्या टिळकांसाठी दावरांनी जामीन मागितला होता, त्याच टिळकांचा जामीन आता त्यांनी नाकारला. लेख मराठी, पण नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपियन. म्हणजे भाषांतरावर माणसाचे नशीब टांगलेले. टिळकांनी स्वतःचा बचाव सुमारे २१ तास बोलून केला. दावरांनी त्यांस बोलू दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. परंतु २२ जुलैस रात्र पडली तरी काम थांबविले नाही. सात विरुद्ध दोन असा कौल आल्यावर टिळकांची बुद्धी रोगट व विकृत असल्याचे बोलून दाखविले, सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड फर्मावला, आणि ही शिक्षाही लोकांस सौम्य वाटेल असे वर सांगितले.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी यावर आपला निकाल रस्त्यावर दिला. सहा वर्षांबद्दल सहा दिवस गिरण्या बंद पडल्या, आणि लेनिननेही त्याच साली त्या संपाची नोंद घेतली. वकिलांचा निकाल मात्र वेगळ्या प्रसंगी लागला. दावरांस 'सर' ही पदवी मिळाली तेव्हा बॅरिस्टरांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठरविली. वर्गणीचे पत्रक फिरत जिनांकडे आले. सरकारच्या मर्जीप्रमाणे वागून पदवी मिळविणाऱ्याचा सन्मान करण्याची बारला लाज वाटावी, अशा अर्थाचा शेरा त्यांनी त्यावर लिहिला. दावरांनी बोलावून विचारले, मी तुम्हांस कोर्टात नीट वागविले नाही काय? जिना म्हणाले, नेहमी नीट वागविले; पण टिळकांचा खटला ज्या रीतीने चालविला, त्याबद्दलची भावना त्यामुळे दाबता येत नाही. ही हकीकत जिनांच्या हाताखाली काम केलेले न्यायमूर्ती छागला यांनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे.

या संवादातच सारे मर्म आहे. वकिलाशी गोड बोलणे ही न्यायाधीशाची कसोटी नव्हे. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाशी तो कसा वागतो, ही कसोटी.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. बरीच वर्षे झाली. एका डाळमिलमधून निवडणाऱ्या बायांना काढले, म्हणून आम्ही कामगार न्यायालयात गेलो. न्यायाधीश तिरसट होते. तारीख मागताच आमच्यावर खेकसत. वर्षात २४० दिवस काम भरले हे आम्हांस सिद्ध करावयाचे होते. एक मावशी साक्षीस उभी राहिली. तिला तारखा कोठल्या माहीत? ती म्हणाली, "दसऱ्याला लागले साहेब, पुढच्या पोळ्याला काढलं. मधी आजारपणाचे आठ दिवस सोडले तर खाडा न्हाई." मालकाचा वकील म्हणाला, तारीख सांगता येत नाही एवढेच लिहावे. न्यायाधीश त्याच्यावरही खेकसले, आणि मावशीचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेऊन तिला वाचून दाखविले. निकाल मात्र कागदी पुराव्याअभावी आमच्या विरुद्ध गेला. आम्ही बाहेर येऊन न्यायाधीश विकला गेल्याच्या घोषणा दिल्या. आमचे वृद्ध वकील गप्प राहिले. पुढे वरच्या न्यायालयात त्याच लिहिलेल्या वाक्याने बायांना नुकसानभरपाई मिळाली. तेव्हा वकीलसाहेब एवढेच म्हणाले, "तुम्ही निकाल पाहिला, मी त्यांची लेखणी पाहत होतो." त्या न्यायाधीशांची तोवर बदली झाली होती. माफी मागावयाची राहून गेली.

निजामाच्या अमदानीत कोर्टाची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांच्या पिढीने न समजणाऱ्या जबाबावर अंगठे उठविले. म्हणून तो वाचून दाखविलेला मराठी जबाब आम्हांस आज लहान वाटत नाही.

वकिलांनी ही पारख उघड्यावर करावी काय? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वकीलसंघांनी ठराव करून न्यायाधीशावर दडपण आणू नये. तक्रार असल्यास मुख्य न्यायाधीशांकडे न्यावी. खालच्या न्यायालयांवर देखरेख उच्च न्यायालयाची, असे घटनेचे २३५ वे कलम सांगते. आम्हां चळवळीतल्यांस हा मार्ग संथ वाटतो. पण आमची घोषणा किती उतावळी ठरली, हे आताच सांगितले.

१९५६ साली मुंबई उच्च न्यायालयात, ज्यूरीचा कौल ऐकल्यावर टिळकांनी काढलेले उद्गार कोरलेली शिला बसविण्यात आली. अनावरण केले मुख्य न्यायाधीश छागला यांनी. न्यायासनाची पारख अखेर न्यायासनानेच मान्य केली. पण तिला ४८ वर्षे लागली. तोवर ती जिवंत ठेवली ती एका पत्रकावरच्या शेऱ्याने आणि गिरणीबाहेर उभ्या राहिलेल्या अनाम माणसांनी. आपणांपैकी जे कोणी उद्या साक्षीस वा श्रोते म्हणून कोर्टात बसतील, त्यांनी निकालाची वाट पाहण्याआधी लेखणीकडे पाहावे, एवढीच विनंती.