अंगणवाडीतले न्हाणे
ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातूनच आले. तेथे अक्षरांआधी मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे ही कामे येत, आणि खरूज, म्हणजे कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा संसर्ग, खेटून बसणाऱ्या मुलांत किती सहज पसरतो हे पाहता हा क्रम शहाणपणाचाच म्हणावा लागेल. अर्थात गोवर न्हाण्याने टळत नाही, त्याला लसच लागते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीच्या कामात लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा, म्हणजे आजारी मुलाला आरोग्यकेंद्राकडे पाठवणे, यांचा समावेश केला.