मालक आणि भोगवटादार : सोलापुरातल्या परगावी घरमालकांचा इतिहास

महापालिकेच्या घरपट्टीच्या कागदावर दोन नावांसाठी जागा असते. एक मालकाचे, दुसरे भोगवटादाराचे. नव्या वसाहतींत बहुधा दोन्ही ठिकाणी एकच नाव आढळते. सोलापूरच्या जुन्या पेठांतले कागद पाहिले, की ही दोन नावे वेगळी निघतात. भोगवटादार तिथेच राहतो, त्याचा पाण्याचा नळ तिथे, मुलांची शाळा तिथे. मालक मात्र पुण्याला, मुंबईला किंवा त्याहून लांब. कधी कधी तर मालकाच्या रकान्यातला माणूस वारून वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात आणि वारसांची नोंद करायलाही कोणी फिरकलेले नसते. या दोन रकान्यांमध्ये पडलेल्या अंतराचा इतिहास मला इथे मांडायचा आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि वकीलही नाही. जुन्या भाडेपावत्या, मुखत्यारपत्रे, कोर्टाच्या नोटिसा आणि मोडलेल्या वाड्यांतून रद्दीत गेलेल्या वह्या गोळा करण्याचा नाद मला पंधरा-वीस वर्षांपूर्वी लागला. कागद वाचता वाचता कायदा वाचावा लागला आणि कायदा वाचल्यावर त्याच कागदांचा अर्थ वेगळा दिसू लागला.

सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली. १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाली. तिची कंपनी १८७४ची, आणि ती उभारणारे मोरारजी गोकुळदास मुंबईचे. म्हणजे परगावच्या मालकाशी या शहराची ओळख गिरणीच्या भोंग्याबरोबरच झाली. शतकाच्या वळणावर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांमागोमाग माणसे आली. आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून आली, कर्नाटकाच्या बाजूने आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात हातमागांची खटखट सुरू झाली. या सगळ्यांना पाठ टेकायला जागा हवी होती.

गिरण्यांनी बांधलेल्या चाळी पुरणाऱ्या नव्हत्या. उरलेली गरज लहान मालकांनी भागवली. कोणी व्यापारी, कोणी वकील, कोणी शाळामास्तर. हातात चार पैसे आले, की जागा घ्यायची आणि मागच्या अंगाला पाच-सहा खोल्या काढायच्या. एका खोलीत एक बिऱ्हाड, नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. विणकरांच्या भागात खोलीतच माग, म्हणजे एकाच भाड्यात घर आणि कारखाना. शेतीचा भरवसा पावसावर, सोने पेटीत पडून राहणारे. महिन्याच्या महिन्याला पैसा देणारी वस्तू म्हणजे भाड्याची खोली, असा हिशेब होता आणि त्या काळात तो चुकीचा नव्हता.

पुढच्या पिढीने गाव सोडले. शिक्षण, सरकारी नोकरी, वकिली, लग्न, कारण कोणतेही असो, मालकाचे बिऱ्हाड पुण्या-मुंबईला गेले आणि भाडेकरूंची बिऱ्हाडे मागे राहिली. तेव्हा व्यवस्था ठरून गेलेली होती. नात्यातला कोणी, जुना कारकून किंवा वाड्यातलाच एखादा विश्वासू भाडेकरू वसुली करायचा. जमलेली रक्कम मनीऑर्डरने जायची. टपालखात्याने ही सोय १८८० मध्ये सुरू केली होती. कोर्टकचेरीसाठी कुणाला तरी मुखत्यारपत्र दिलेले असायचे. मालकाची फेरी वर्षातून एकदा, बहुधा गड्ड्याच्या जत्रेला, संक्रांतीच्या सुमारास.

ही व्यवस्था प्रथम बिघडायची ती छतापाशी. आपल्याकडची जुनी घरे माळवदी. लाकडी तुळया, वर कडीपाट, त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी त्यावर पांढरी माती टाकून चोपावी लागते. एक वर्ष चुकले तर छत गळते आणि पाच वर्षे चुकली तर तुळई कुजते. समोर राहणारा मालक मे महिन्यात वर चढून पाहतो. दीडशे कोसांवरच्या मालकाला मे महिन्यात छत दिसत नाही, त्याला फक्त मनीऑर्डर दिसते. माझ्याकडच्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा येणारा विषय भाडे नाही, माती आहे.

त्यात कायदा आला. भाडेनियंत्रण ही काही आपलीच कल्पना नव्हे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी भाडे देणे थांबवले, तेव्हा १९१५ मध्ये ब्रिटनने भाडी गोठवली. मुंबईत १९१८ मध्ये तसाच कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा निर्बंध आले. हे सर्व एकत्र करणारा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ मध्ये मंजूर झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचे जे भाडे होते, तेच साधारणपणे तिचे ‘प्रमाण भाडे’ ठरले. सोलापूरच्या दृष्टीने ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच दिवसांत रझाकारांच्या छळाला कंटाळून निजामाच्या हद्दीतली कुटुंबे सोलापुरात आसरा शोधत होती. मागणी वाढलेली आणि खोल्या तेवढ्याच. कायदा नसता तर भाडे कुठवर गेले असते, याची कल्पना करता येते.

परगावच्या मालकाला हा कायदा गावातल्या मालकापेक्षा जास्त जड गेला. स्वतःला राहण्यासाठी खोली परत हवी असेल तर गरज खरी आणि वाजवी असल्याचे कोर्टाला पटवावे लागे. शिवाय जास्त त्रास कुणाला होईल, मालकाला की भाडेकरूला, हेही कोर्ट तोलून पाही. पुण्यात घर आणि नोकरी असलेल्या माणसाने सोलापुरात राहायला येणार असे म्हटले, तर उलटतपासणीत ते टिकणे अवघड. भाडे थकल्याचा दावा लावावा, तर त्यालाही पळवाट होती. मालक भाडे घेईनासा झाला, की भाडेकरू मनीऑर्डर पाठवी. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत येई आणि तोच कागद भाडेकरूच्या बाजूचा पुरावा होई. ज्या मनीऑर्डरने मालक दुरून मालकी चालवत होता, तिनेच त्याचा दावा पडे. वारसांचेही तसेच. भाडेकरू वारला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळे.

याच कायद्यात आणखी एक कलम होते, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकत असे. म्हणजे दूर राहणे भाडेकरूलाही माफ नव्हते. सगळा कायदा वाचून झाल्यावर मला वाटते, त्याने मालक आणि भाडेकरू यांच्यात निवड केली असे म्हणण्यापेक्षा हजर आणि गैरहजर यांच्यात केली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

भाडेकरूची बाजू हलकी नव्हती. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली आणि हजारो कामगारांच्या घरी पगार येणे थांबले. त्या वेळी गोठलेले भाडे हाच अनेकांचा आधार होता. सरकारने १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि नंतर कायदा करून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. तिच्या भागधारकांनी त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. चरणजितलाल चौधरी यांची याचिका डिसेंबर १९५० मध्ये फेटाळली गेली, द्वारकादास श्रीनिवास यांचा दावा डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झाला. मालमत्तेच्या हक्कावरचे हे दोन्ही निकाल विधी महाविद्यालयांत शिकवले जातात. गिरणीत दुरून पैसे गुंतवणाऱ्यांचा प्रश्न चार वर्षांत निकाली निघाला. त्याच गिरणीच्या कामगारांना खोल्या देणाऱ्या लहान मालकांच्या प्रश्नाला त्याच न्यायालयात उत्तर मिळायला १९९७ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी १९ डिसेंबरला मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की १९४०च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९चा, ३१ मार्च २०००पासून लागू झालेला. त्याने भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली. पण दहा रुपयांच्या खोलीवर पहिल्या वर्षीची वाढ होते ४० पैसे. त्यात पांढऱ्या मातीची एक पाटीही येत नाही. पन्नास वर्षांत छत, भिंत आणि नाते तिन्ही ढिले झाले होते. मालक म्हणे, भाडे मिळत नाही तर दुरुस्ती कशातून करू? भाडेकरू म्हणे, दुरुस्ती नाही तर भाडे कशाचे वाढवू? दोघांचेही बरोबर होते, आणि पावसाळा कुणासाठी थांबत नव्हता. जुन्या वाड्यांवर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागते, तेव्हा ती मालकाच्या नावाने निघते, पण भिंतीखाली झोपलेला असतो भोगवटादार.

या प्रश्नाला शहराने एक वेगळे उत्तरही दिले आहे. कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. सुमारे १०,००० घरांच्या या वसाहतीच्या चाव्या २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने नंतर रे नगर उभे राहिले आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या १५,००० घरांचा ताबा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आला. या घरांचे वैशिष्ट्य स्वस्ताईइतकेच दुसऱ्या एका गोष्टीत आहे. जिच्या नावावर घर, तीच त्यात राहते.

आणि आता प्रवाह उलटा वाहतो आहे. एके काळी मुंबईचा पैसा सोलापुरात येत होता, आज सोलापूरचा पैसा पुण्याला जातो. मुलगा हिंजवडीत नोकरीला, म्हणून वाकडला फ्लॅट. मुलगा पुढे परदेशी गेला, की फ्लॅट भाड्याने. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. तिच्या डब्यात भाडेकरू, दलाल आणि सोसायटीच्या वर्गणीबद्दलचे बोलणे नेहमी कानावर पडते. कागद पूर्वीपेक्षा पक्के झाले आहेत. करार लेखी असावा आणि नोंदवावा, अशी सक्ती १९९९च्या कायद्यात आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारात मुदत संपताच जागा सोडावी लागते आणि ती परत मिळवण्याचा रस्ताही जवळचा आहे. भाडे मोबाइलवर जमा होते.

हे सगळे खरे असले तरी जुन्या कागदांनी शिकवलेली गोष्ट कराराच्या नोंदणीने बदलत नाही. ज्या थोड्या वाड्यांचा कारभार मला शेवटपर्यंत नीट चाललेला दिसला, तिथे दोन गोष्टी समान होत्या. भाड्यातला ठरलेला हिस्सा मालक दुरुस्तीसाठी सोलापुरातच ठेवत असे, घरी नेत नसे. आणि गावातला जो माणूस देखरेख करी, त्याला निव्वळ वसुलीवर दलाली नव्हती, छत कोरडे राहण्यातही त्याचे हित होते. बाकीच्या ठिकाणी मुनीम भाडे मोजत राहिला आणि माती मोजायला कुणी नव्हते.

वाकडच्या फ्लॅटला माळवद नसते, पण गच्ची असते, पाण्याची टाकी असते, लिफ्ट असते. पस्तीस-चाळीस वर्षांनी तिथेही कुणाला तरी वर चढून पाहावे लागेल. त्या वेळी मालकाच्या रकान्यात नाव असणारा माणूस कुठल्या गावी किंवा कुठल्या देशी असेल, हा विचार फ्लॅट घेतानाच केलेला बरा.