फलटणच्या बोलीपासून फलटणच्या शाळेपर्यंत

विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांना रयतेची भाषा कळावी म्हणून. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याचा उपयोगही आधी साहेबाला आणि पाद्र्यालाच झाला. परक्याने मराठी शिकायची ती राज्य करायला नाहीतर धर्म सांगायला, असा तो काळ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारा जिल्ह्यातल्या फलटणला एका परदेशी बाईने हीच भाषा अगदी वेगळ्या कारणासाठी हाती घेतली. मराठी शिकवण्याच्या इतिहासात त्या कामाचे मोल फार मोठे आहे.

मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून १९६१ साली हैदराबादला आल्या त्या इंग्रजी शिकवायला. पुढे भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी त्यांनी निवडले ते फलटण. पुणे-मुंबईची पुस्तकी मराठी त्यांनी बाजूला ठेवली आणि निंबाळकरांच्या जुन्या संस्थानी गावातली पेठापेठांतली बोली ऐकायला घेतली. सातारी कानाला ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘होता’ आणि ‘व्हता’ यांतून बोलणाऱ्याची जात, शिक्षण आणि घरची ऐपत कळते, निदान कळल्यासारखी वाटते. भाषेतल्या या उतरंडीचा शास्त्रीय अभ्यास तेव्हा जगातही नवाच होता. न्यूयॉर्कच्या इंग्रजीवरचा विल्यम लबॉव्हचा गाजलेला अभ्यास १९६६ चा. बर्नसन यांचा फलटणच्या बोलीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९७३ साली स्वीकारला. तालुक्याच्या गावातले साधे बोलणे जागतिक संशोधनात गेले, तेही अशा नव्या विषयाच्या सुरुवातीलाच.

फलटणमध्येच त्यांना जाई निंबकर भेटल्या. इरावती कर्व्यांची ही मुलगी इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिणारी. दोघींनी मिळून परभाषिकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांचे संदर्भ-व्याकरण १९७५ साली पेनसिल्व्हेनियातून निघाले. बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश १९८२-८३ चा. आज शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय ग्रंथालयात तो मोल्सवर्थच्या शेजारीच पाहता येतो. पुण्याला मराठी शिकायला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांनाही त्या शिकवत होत्या.

इंग्रजीच्या शिक्षकाने देशी भाषेची बाजू घेण्याचे आणखी एक उदाहरण म्हणून इथे शेजारच्या सांगलीचीही आठवण काढायला हवी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या विलिंग्डन महाविद्यालयात (स्थापना १९१९) विनायक कृष्ण गोकाक प्राचार्य होते. गोकाक पुढे हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. देशभरातल्या शिक्षकांना इंग्रजी कसे शिकवायचे ते शिकवणारी ही संस्था. १९८१ साली मात्र त्यांच्याच समितीने कर्नाटकातल्या माध्यमिक शाळांत कन्नडला पहिल्या भाषेचे स्थान द्यावे अशी शिफारस केली. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाची ही शिफारस होती, म्हणून तिला जास्त वजन द्यावेसे वाटते.

बर्नसनही इंग्रजीच्या शिक्षिका म्हणूनच आल्या होत्या आणि त्याही मराठी माध्यमापाशी येऊन थांबल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. बोलीचा अभ्यास झाला होता, पण दलित वस्त्यांतली पोरे शाळेबाहेर होती आणि जी शाळेत बसत त्यांनाही वाचता येत नव्हते. विद्यापीठातली नोकरी धरून शोधनिबंध लिहीत राहणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी या मुलांसाठी वर्ग सुरू केले. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन. शाळेला नाव दिले ते जाईंच्या सासूबाईंचे. त्याही जन्माने अमेरिकन, आणि भारतात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करणाऱ्या.

या कामाचा गाभा आहे तो वाचायला शिकवण्याच्या रीतीत. जुन्या शाळेत मूल आधी सगळी मुळाक्षरे घोकत असे, मग सगळी बाराखडी, आणि एवढे झाल्यावर कुठे त्याला अर्थाचा शब्द भेटे. ज्याच्या घरी वाचणारे कोणी असे ते हे महिने काढून जाई. ज्याच्या घरी पुस्तकच नाही त्याचा धीर सुटे आणि ते मागे पडे. बर्नसन यांनी मोजकी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच एखाददुसरे स्वरचिन्ह असे लहान लहान गट केले. एक गट झाला की त्याच अक्षरांतून शब्द बनवायचे, शब्दांतून वाक्य. पहिल्या आठवड्यांतच मुलाच्या हाती वाचलेले काहीतरी लागते. जोडीला गोष्टींची पुस्तके, आणि मुलाने आपल्या घरच्या बोलीत सांगितलेले अनुभव. त्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करायचे नाही. प्रबंधात ज्या बोलीची नोंद झाली होती तीच आता वर्गात बसली, आणि संशोधनाचा याहून चांगला उपयोग कुठला असेल?

ही रीत बालभवनापुरती राहिली नाही. फलटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत संस्थेचे कार्यकर्ते वाचनाचे कार्यक्रम घेऊन गेले. बर्नसन पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या हैदराबाद केंद्रात गेल्या आणि तिथे त्यांनी हाती घेतले ते पहिल्या इयत्तांतल्या मुलांच्या वाचन-लेखनाचेच काम.