मोटारीची झिलई

झिलई हा शब्द आपल्या भाषेत काहीसा बदनाम झालेला आहे. वरवरच्या सौजन्यास आपण झिलई म्हणतो आणि आतील उणे झाकणाऱ्या चकाकीसही तेच नाव देतो. तथापि कारागिराच्या लेखी झिलई हा कामाचा शेवटचा आणि सर्वांत संयमाचा भाग होय. नव्याने रंगविलेल्या मोटारीवर हाताने झिलई देण्याच्या रीतीचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे या बदनामीत न्याय किती व अन्याय किती, हे ध्यानी येते.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतचे कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. १८५४ साली त्याच्या थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या आणि १९४८ साली त्या दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाल्या. अशा संस्थानांच्या उत्तरकाळात मानाचे वाहन म्हणजे घोड्यांची बग्गी. तिचा रंग हे एका दिवसाचे काम नव्हे. जवसाच्या तेलात राळ मुरवून केलेल्या रोगणाचे पुटावर पुट चढवावयाचे, प्रत्येक पूर्ण सुकू द्यावयाचे, सच्छिद्र दगडाच्या वस्त्रगाळ पुडीने पाणी घेऊन घासावयाचे आणि मग पुढचे पुट द्यावयाचे, असा हा क्रम आठवडेच्या आठवडे चाले. पहिल्या मोटारीही याच रीतीने रंगविल्या जात. कारण त्या घोडे काढून घेतलेल्या बग्ग्याच होत्या.

चकाकीची ही विद्या आपणांस परकी नव्हती. पळस, बोर, कुसुंब यांवर वाढणाऱ्या किड्यापासून मिळणारी लाख येथूनच जगभर जाई. चपडा लाख मद्यार्कात विरघळवून, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर पातळ थर फिरवीत राहणे, ही युरोपातील उंची सामानाची झिलई. सावंतवाडीच्या कातीव लाखकामात तर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. लाकूडसामानाच्या या विद्येतूनच मोटारीची झिलई निघाली. अमेरिकेत फ्रँक मॅग्वायर यांनी १९०१ साली लाकूडसामानाच्या पॉलिशाचा धंदा सुरू केला. त्यांच्या घराण्याचे नाव पुढे मोटारीच्या झिलईशी जोडले गेले.

मध्यंतरी रंगाचे शास्त्र पालटले. कापसावर रासायनिक क्रिया करून केलेला ‘ड्यूको’ रंग १९२४ सालच्या ‘ओकलंड’ मोटारींवर आला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. परंतु हा रंग सुकल्यावर आपण होऊन चकाकत नसे. त्यास घासून, पॉलिश करून चकाकी आणावी लागे. म्हणजे यंत्रयुगाने वाचविलेल्या वेळेतील काही वाटा हातास परत द्यावा लागला.

हा वाटा आजही संपलेला नाही. यंत्राच्या फिरत्या गादीने पॉलिश केलेल्या रंगावर केसाहून बारीक वर्तुळाकार ओरखडे राहतात. सावलीत ते दिसत नाहीत. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटतात, कारण प्रत्येक ओरखडा प्रकाश विखुरतो. झिलईतील तेले या खाचांत बसतात, प्रकाश विखुरणे थांबते आणि रंग ओला असल्यासारखा खोल दिसू लागतो. हे काम हातानेच चांगले होते. मऊ फडक्यावर अगदी थोडी झिलई घ्यावी, एकेक पत्रा हलक्या हाताने व्यापावा, आणि धूसरपणा येताच स्वच्छ कापडाने पुसून काढावी.

येथे एक मर्म आहे. ताजा रंग वरून कोरडा भासला तरी आतील द्रावक हळूहळू उडतच असतो. त्यावर लगेच मेणाचा थर दिल्यास ती वाट अडते. म्हणून पुन्हा रंगविलेल्या मोटारीस मेण लावण्यापूर्वी महिना ते तीन महिने थांबावे, असा सामान्य संकेत आहे. आणि या मधल्या काळासाठी मेण व सिलिकोन नसलेली झिलई योजतात. बग्गीच्या रंगाऱ्याने पुटापुटांत जी वाट पाहिली, तीच येथे शेवटी एकदम पाहावी लागते.

कोल्हापूरच्या दसऱ्यास राजघराण्याची जुनी मेबॅख मोटार सीमोल्लंघनास निघते, तेव्हा लोक तिच्या चकाकीकडे पाहतात. त्या चकाकीमागील हातांकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याच सणास घरोघरी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालतात. कुरुंदवाडसारख्या नदीकाठच्या गावी तर पाण्याचेच भय. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुराने हा मुलूख बुडविला. पूर ओसरल्यावर वाळलेला गाळ कोरड्या फडक्याने पुसला म्हणजे तो गाळच रंग कापतो. आधी भरपूर पाणी, मग साबण, मग पॉलिश आणि सर्वांत शेवटी झिलई, हा क्रम मोडला की कोणतीही झिलई उपयोगी पडत नाही.

मग बदनामीचे काय? झिलई ओरखडा भरते, बुजवीत नाही. काही धुण्यांत ती निघून जाते आणि ओरखडा जेथल्या तेथे असतो. जुनी मोटार विकताना हीच गोष्ट लपविली तर ती फसवणूक होय. परंतु खालचे काम चोख करून जो तिच्यावर हात फिरवितो, त्याची झिलई काही झाकीत नाही, झालेले काम दाखविते. दोष झिलईचा नव्हे. तिच्याखाली काय आहे, हे न विचारणाऱ्या आपल्या दृष्टीचा आहे.